नांव डोव्हरचें, काम कँटरबरीचें

आमच्या पॅरिशच्या ज्युबिलीची पहिली सभा भरली, तेव्हां प्रथम वाद निघाला तो मांडवाचा नव्हे कीं बँडाचा नव्हे. ज्युबिलीच्या मिस्सेस बिशपसाहेब स्वतः येणार, कीं त्यांचे साहाय्यक बिशप येणार, ह्या एका प्रश्नावर अर्धी रात्र गेली. साहाय्यक आले तर समारंभास शोभा ती काय राहिली, असें कित्येकांचें म्हणणें पडलें. अखेर कोपऱ्यांत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं सांगितलें कीं, आपलें दृढीकरण साठ वर्षांपूर्वीं एका साहाय्यक बिशपांच्याच हातून झालें होतें, आणि तें आजवर कोठें उसवलेलें नाहीं. सभा हंसली आणि पुढच्या विषयाकडे वळली. आमच्या मनांतून मात्र तो प्रश्न गेला नाहीं. जो बिशप खराच आहे, पण ज्याला स्वतःचें धर्मासन नाहीं, त्याच्या हातीं नेमकें असतें तरी काय? स्मरणिकेसाठीं लेख मागण्यांत आला, तेव्हां ह्याच प्रश्नाचा माग काढावा असें आम्हीं ठरविलें.

उदाहरण आम्हीं जाणूनबुजून शेजारच्या घरचें घेतलें आहे. इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळींत ह्या साहाय्यक बिशपांना ‘सफ्रॅगन’ म्हणतात, आणि त्यांचें पद राजाच्या कायद्यानें घडलेलें असल्यामुळें त्याचा इतिहास सालवारीनें सांगतां येतो. शब्दाविषयीं मात्र आरंभींच खुलासा केला पाहिजे. आपल्या ख्रिस्तसभेंत सफ्रॅगन हा शब्द निराळ्या अर्थानें वापरतात. पुण्याचे बिशप हे मुंबईच्या आर्चबिशपांचे सफ्रॅगन, म्हणजे त्यांच्या प्रांतांतील, पण आपल्या धर्मप्रांतांत पूर्ण सत्ताधारी. अँग्लिकनांचा सफ्रॅगन तसा नव्हे. तो दुसऱ्याच्या धर्मप्रांतांत, दुसऱ्याच्या सनदेनें काम करणारा. आपल्या जुन्या मराठी राज्यांत प्रतिनिधि किंवा सचिव स्वतः हजर नसले म्हणजे त्यांचा कारभार मुतालिक पाहत असे. दौलत धन्याची, हात मुतालिकाचा. आम्हांस अँग्लिकन सफ्रॅगनासाठीं ह्याहून चपखल मराठी शब्द सांपडला नाहीं.

अशा मुतालिकांपैकीं सर्वांत जुन्या व प्रसिद्ध पदांतील एक म्हणजे डोव्हरच्या बिशपांचें. डोव्हर हें इंग्लंडच्या आग्नेय टोंकावरचें बंदर, पांढऱ्या खडूच्या कड्यांखालीं वसलेलें, फ्रान्सच्या किनाऱ्यापासून सुमारें एकवीस मैलांवर. तेथें कॅथीड्रल नाहीं, कधीं नव्हतें. तेथील बिशपांचें काम आहे तें कँटरबरीच्या धर्मप्रांताचें, म्हणजे केंट परगण्याच्या पूर्व भागाचें. कँटरबरीचे आर्चबिशप हे सर्व इंग्लंडचे मुख्य बिशप. राजदरबार, पार्लमेंट व लंडनमधील लॅम्बेथ येथील वाडा ह्यांतच त्यांचा बहुतेक काळ जातो. घरचें धर्मग्राम पाहावें कोणी? ही अडचण आजची नाहीं, मध्ययुगांतलीच आहे.

त्या काळीं तिच्यावर तोड होती ती रोमची. जे पुरातन धर्मप्रांत मुसलमानी राज्यांत बुडाले होते, त्यांची नांवें रोमनें जिवंत ठेविलीं होतीं. सिदोनसारख्या अशा एखाद्या दूरच्या पीठाचें नांव देऊन एखाद्या मठवासी विद्वानास बिशपपदाचा अभिषेक करावा, आणि त्यानें इंग्लंडांत राहून तेथील बिशपांच्या वतीनें दृढीकरणें द्यावीं, वेदी आशीर्वादाव्या, गुरुदीक्षा द्याव्या, असा परिपाठ होता. आपल्याकडील साहाय्यक बिशपही अद्यापि अशीच नामधारी पीठें धारण करितात. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस हे सन १९४६ मध्यें मुंबईचे साहाय्यक बिशप झाले, तेव्हां त्यांसही असेंच एक लुप्त नगर मिळालें होतें. नगर नसलें तरी त्या नांवांत एक अर्थ आहे: हा बिशप कोणा राजाचा किंवा कोणा आर्चबिशपाचा नोकर नव्हे, सार्वत्रिक ख्रिस्तसभेचा आहे.

आठव्या हेन्रीनें रोमशीं संबंध तोडला आणि ही वाट बंद झाली. सन १५३४ च्या ज्या अधिवेशनांत राजास इंग्लंडच्या मंडळीचा सर्वश्रेष्ठ मस्तक ठरविणारा कायदा झाला, त्याच अधिवेशनांत सफ्रॅगन बिशपांचाही कायदा झाला. आतां पोपकडून सिदोन मिळणार नाहीं. सबब राजानें इंग्लंडांतलींच सव्वीस गांवें मुक्रर केलीं. थेटफर्ड, इप्स्विच, कोल्चेस्टर, डोव्हर, बेडफर्ड, नॉटिंगहॅम, श्रूज्बरी, हल इत्यादि त्यांत होतीं. रीत अशी कीं, ज्या बिशपास साहाय्यक पाहिजे असेल त्यानें दोन नांवें राजापुढें ठेवावीं. राजानें त्यांतील एक निवडावें. मग आर्चबिशपानें दुसऱ्या दोन बिशपांसह त्यास अभिषेक करावा. पुढचें कलम आम्हांस सर्वांत बोलकें वाटतें. सफ्रॅगनानें आपल्या बिशपाच्या सनदेंत जितकें लिहिलें असेल तितकेंच करावें. त्याहून रेसभर अधिक अधिकार चालविला, किंवा धर्मप्रांताच्या उत्पन्नास हात लाविला, तर राजद्रोहाच्या खालोखाल मानलेला दंड. अभिषेकानें तो पूर्ण बिशप, कायद्यानें मात्र दुसऱ्याच्या शब्दाचा बांधलेला!

सन १५३७ च्या डिसेंबरच्या ९ तारखेस डोव्हरचे पहिले सफ्रॅगन अभिषिक्त झाले. त्यांचें नांव रिचर्ड इंगवर्थ. हे डोमिनिकन संघाचे संन्यासी, किंग्ज लँग्ली येथील मठाचे प्रायर होते. त्यांस सनद मिळाली होती आर्चबिशप क्रॅन्मर ह्यांची. पण खरें काम सांगितलें तें राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल ह्यानें. सन १५३८ च्या फेब्रुवारींत इंगवर्थ ह्यांस देशांतील भिक्षु संन्याशांच्या मठांचे तपासनीस नेमण्यांत आलें, आणि तपासणीचा शेवट काय व्हावयाचा तें लवकरच उघड झालें. ग्लॉस्टर, वूस्टर, श्रूज्बरी, स्टॅफर्ड, एकामागून एक गांवीं ते गेले आणि मठांच्या किल्ल्या घेऊन निघाले. युक्ति साधी होती. संन्याशांस सांगावयाचें कीं, कोणी तुम्हांस हांकलीत नाहीं. परंतु राहावयाचें तर नव्या कडक नियमांनीं राहिलें पाहिजे. पोटाची भ्रांत पडलेले, भिक्षा आटलेली, कर्जानें गांजलेले ते लोक ‘आम्ही स्वखुशीनें घर सोडतों’ असें लिहून देत. मग चांदीचे कॅलिस मोजावयाचे, भांडींकुंडीं विकून देणेकऱ्यांस वांटावयाचीं, शिशाचें छप्पर राजासाठीं राखावयाचें.

येथें इतिहासानें एक विलक्षण योग जुळवून आणला आहे. सन १२२४ च्या सप्टेंबरांत संत फ्रान्सिसचे पहिले नऊ बंधु इंग्लंडांत उतरले ते ह्याच डोव्हर बंदरावर. अनवाणी आलेल्या त्या नऊ जणांत एकाचें नांव होतें रिचर्ड, राहणारा इंगवर्थ गांवचा. तीनशें चौदा वर्षांनंतर डोव्हरचेंच नांव धारण करणारा दुसरा रिचर्ड इंगवर्थ त्यांच्या मठांना कुलुपें लावीत फिरत होता. एकानें जें दार उघडलें तें दुसऱ्यानें बंद केलें, आणि दोघांचें नांव एक!

तथापि ह्या मनुष्याला केवळ खलपुरुष म्हणून निकालांत काढणें आमच्यानें होत नाहीं. बेघर झालेल्या संन्याशांना धर्मगुरूचा पोषाख बदलून कोठें तरी चाकरी धरण्याचे परवाने लवकर द्यावे, ते फार दरिद्री आहेत, अशीं आर्जवें त्यांनीं क्रॉमवेलास पत्रांतून वारंवार केलीं. ती दया क्रॉमवेलास रुचली नाहीं. झगा टाकला तरी तुमच्या आंत संन्याशाचेंच काळीज आहे, असा टोमणा त्यानें मारला. त्यावर इंगवर्थ ह्यांनीं ईश्वराची साक्ष काढून उलट लिहिलें कीं, तें काळीज आपण झग्याच्या दोन वर्षें आधींच टाकिलें आहे. हें उत्तर वाचून आम्हांस राग येण्याऐवजीं वाईटच वाटलें. सनदेवर जगणाऱ्यास सनद देणाऱ्यापुढें आपल्या हृदयाचीही झडती द्यावी लागली.

त्याच वर्षीं डिसेंबराच्या १४ तारखेस ते आपल्या सनदेच्या गांवीं, कँटरबरीस, संत ऑगस्टिनच्या संघाच्या मठांत आले. कागद पुढें ठेविला. राजा हा मंडळीचा मस्तक, ह्यास मान्यता आणि मठाचा त्याग, दोन्ही एकाच बैठकींत. सगळ्यांनीं सह्या केल्या. एक मनुष्य उठून उभा राहिला. त्याचें नांव जॉन स्टोन. राजास असा अधिकार नाहीं, असें त्यानें बिशपांच्या तोंडावर सांगितलें. समजूत घालून पाहिली, धमकी देऊन पाहिली, उपयोग झाला नाहीं. त्यास क्रॉमवेलाकडे पाठविण्यांत आलें. वर्षभर तुरुंगांत राहून तो कँटरबरीसच खटल्यासाठीं परत आला, आणि सन १५३९ च्या डिसेंबरांत, नाताळानंतर दोनच दिवसांनीं, शहरालगतच्या डेन जॉन टेकडीवर त्यास राजद्रोह्याचें मरण देण्यांत आलें.

ह्या मृत्यूची सर्वांत भयंकर साक्ष कोणा भक्तानें लिहिलेली नाहीं. ती नगरपालिकेच्या हिशेबाच्या वहींत आहे. फांशीच्या खांबांसाठीं लांकूड आणलें त्याचे इतके. खड्डे खणणाऱ्या मजुराचे इतके. ज्या तट्ट्यावरून ओढीत नेलें त्याचे इतके. घोड्याचे, दोरीचे, पेंढ्याचे इतके. आणि देहाचे तुकडे उकडले ती कढई घांसून देणाऱ्या बाईचे इतके. कारकुनानें आंकडा टाकून बेरीज केली असेल आणि जेवावयास गेला असेल. त्याच २७ डिसेंबर रोजीं हेन्री राजाची चौथी वधू क्लीव्हजची अ‍ॅन त्याच केंटच्या किनाऱ्यावर डील येथें उतरली, आणि दोन दिवसांनीं कँटरबरीस मुक्कामास आली.

जॉन स्टोन ह्यांस परमगुरुस्वामी सहावे पॉल ह्यांनीं सन १९७० च्या ऑक्टोबरांत इंग्लंड व वेल्सच्या चाळीस शहीदांबरोबर संतपद दिलें. त्यांच्या मठाच्या जागीं आतां व्हाइटफ्रायर्स नांवाची बाजारपेठ आहे.

डोव्हरच्या पुढच्या सफ्रॅगनांची गोष्ट मात्र आपल्याला खालीं मान घालावयास लावणारी आहे. रिचर्ड थॉर्नडेन हे कँटरबरीच्या कॅथीड्रल मठांतील संन्यासी. सन १५४० मध्यें मठ मोडला, नवें मंडळ स्थापन झालें, त्यांत हे कॅनन झाले. सन १५४३ मध्यें कॅथीड्रलांतल्या जुन्या मताच्या मंडळींनीं आर्चबिशप क्रॅन्मर ह्यांच्याविरुद्ध कारस्थान केलें, त्यांत थॉर्नडेन गोंवले गेले होते. तरी सन १५४५ च्या सुमारास डोव्हरचें पद त्यांच्याकडे आलें. सहाव्या एडवर्डच्या अमदानींत नवी उपासना त्यांनीं चालविली. सन १५५३ मध्यें मेरी राणी गादीवर येतांच कॅथीड्रलांत पुन्हां लॅटिन मिस्सा झाली. ती क्रॅन्मर ह्यांच्या आज्ञेनें झाली अशी अफवा उठली. तेव्हां त्यांनीं चिडून एक जाहीर लेख लिहिला, त्यांत मिस्सा करविणाऱ्या संन्याशास त्यांनीं जीं दूषणें दिलीं तीं थॉर्नडेन ह्यांसच उद्देशून होतीं. त्या लेखापायीं क्रॅन्मर टॉवरच्या कैदेंत गेले, आणि सन १५५६ च्या मार्चांत ऑक्सफर्ड येथें जाळले गेले. दुसऱ्याच दिवशीं कार्डिनल रेजिनल्ड पोल ह्यांस कँटरबरीचे आर्चबिशप म्हणून अभिषेक झाला. मुतालिक तोच राहिला, धनी बदलला.

आणि ह्या धन्याच्या काळीं कँटरबरींत काय घडलें? आर्चडीकन निकोलस हार्प्सफील्ड आणि डोव्हरचे हे सफ्रॅगन चौकशीच्या आसनांवर बसत. सन १५५५ पासून १५५८ पर्यंत एक्केचाळीस प्रोटेस्टंट स्त्रीपुरुषांस शहराबाहेर विनचीप येथें जिवंत जाळण्यांत आलें. त्यांत विद्वान थोडे. विणकर, कष्टकरी, विधवा असेच पुष्कळ. जॉन स्टोनच्या कढईचा हिशेब मांडून ह्या एक्केचाळीस चितांविषयीं मुकाट राहणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. थॉर्नडेन सन १५५७ च्या अखेरीस, आपले धनी जिवंत असतांनाच, वारले. तीन राजवटींत मिळून त्यांनीं जें जें केलें तें सनदेप्रमाणेंच केलें, असें कायद्याच्या भाषेंत म्हणतां येईल, आणि आमच्या मतें त्या पदाचा सर्वांत मोठा दोष हाच होता. आपल्या नांवाचें कांहीं नसलें, म्हणजे आपल्या हातून झालेल्या कृत्याचें ओझेंही आपलें नाहीं असें वाटूं लागतें.

मेरी राणीच्या काळीं हेन्रीचा तो कायदा रद्द झाला होता. एलिझाबेथ राणीनें त्यास पुन्हां जीव दिला. पण त्याच काळांत एका सफ्रॅगनाच्या हातून एक गोष्ट घडली, तिचा उल्लेख केल्यावांचून कॅथॉलिक वाचकांचें समाधान होणार नाहीं. इंगवर्थ ह्यांच्याबरोबर, त्याच दिवशीं, दुसऱ्या एका डोमिनिकन संन्याशास अभिषेक झाला होता. ते जॉन हॉजकिन, बेडफर्डचे सफ्रॅगन. कार्डिनल पोल व मेरी राणी हीं दोघें सन १५५८ च्या १७ नोव्हेंबर रोजीं, एकाच दिवशीं, निवर्तलीं. नव्या राणीनें मॅथ्यू पार्कर ह्यांस आर्चबिशप नेमिलें. पण अभिषेक करावयास पदावर असलेला एकही बिशप तयार होईना. अखेर १७ डिसेंबर १५५९ रोजीं लॅम्बेथच्या प्रार्थनामंदिरांत जे चौघे जमले ते असे: बार्लो, स्कोरी व कव्हरडेल हे पदावरून दूर झालेले जुने बिशप, आणि चौथे हे बेडफर्डचे सफ्रॅगन. आजची सर्व अँग्लिकन बिशपपरंपरा त्या सकाळपर्यंत पोहोंचते. चौघांपैकीं बार्लो व हॉजकिन ह्यांचे अभिषेक जुन्या लॅटिन विधीच्या काळचे, म्हणून अँग्लिकन पंडित हॉजकिन ह्यांच्या नांवावर पुष्कळ भर देतात. परमगुरुस्वामी तेरावे लिओ ह्यांनीं सन १८९६ च्या सप्टेंबरांत निर्णय दिला तो अभिषेक करणाऱ्यांच्या हातांवर नव्हे, तर वापरलेल्या नव्या विधीवर व त्यामागील हेतूवर. आणि त्या कारणास्तव अँग्लिकन दीक्षा आपल्या ख्रिस्तसभेस मान्य नाहींत. ह्या वादाचें विवेचन करण्यास ही स्मरणिका पुरणार नाहीं. ज्याला स्वतःचें पीठ नव्हतें, त्याच्याच हातांवर एवढ्या परंपरेनें भार टाकावा, एवढेंच आम्हांस येथें नवल वाटतें.

एलिझाबेथच्या काळीं डोव्हरचें पद रिचर्ड रॉजर्स ह्यांस सन १५६९ मध्यें मिळालें. ते पुढें कँटरबरीचे डीनही झाले आणि सन १५९७ मध्यें वारले. त्यांच्यामागून कोणाची नेमणूक झाली नाहीं. इतर गांवांचीही तीच गत. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कोल्चेस्टरचे सफ्रॅगन वारले आणि इंग्लंडांत एकही सफ्रॅगन उरला नाहीं. दुसऱ्या चार्ल्सनें सन १६६० मध्यें सफ्रॅगन नेमण्याचें वचन दिलें होतें, तें इतर राजवचनांच्या मार्गानें गेलें. कायदा कोणी रद्द केला नाहीं, कोणी वापरलाही नाहीं. डोव्हरचें पद दोनशें त्र्याहत्तर वर्षें रिकामें राहिलें.

तें भरलें ते आजारानें. एकोणिसाव्या शतकांत गिरण्या व रेल्वे ह्यांमुळें शहरें फुगलीं. दृढीकरण बिशपानेंच द्यावें असा अँग्लिकनांचा कडक नियम असल्यामुळें बिशपांस दिवस पुरेनासे झाले. आर्चबिशप टेट ह्यांस सन १८६९ च्या नोव्हेंबरांत झटका आला, आणि कँटरबरीच्या पीठास साहाय्यक हवा हें कोणी सांगावयास नको झालें. वकिलांनीं हेन्रीचा तीनशें वर्षांचा कायदा कपाटांतून काढून झटकला. सन १८७० च्या आरंभीं नॉटिंगहॅमचे आणि मार्चांत डोव्हरचे असे दोन सफ्रॅगन अभिषिक्त झाले. डोव्हरचे हे नवे बिशप एडवर्ड पॅरी. उत्तर ध्रुवाकडील बर्फांत जहाजें नेणाऱ्या प्रसिद्ध नाविकाचे पुत्र. सन १८८२ मध्यें ऑस्ट्रेलियांतील सिडनीच्या बिशपपदासाठीं त्यांची निवड झाली. स्वतःचें पीठ, स्वतःचें कॅथीड्रल, सगळा नवा देश! त्यांनीं नकार दिला. सन १८९० मध्यें देह ठेवीपर्यंत, वीस वर्षें, ते डोव्हरचेच राहिले. इंगवर्थ व थॉर्नडेन ह्यांच्यामागून हें नांव वाचतांना आम्हांस मोकळी हवा लागल्यासारखें झालें.

जुना कायदा बाहेर काढल्यानें कांहीं गमतीही झाल्या. हेन्रीच्या सव्वीस गांवांत लंडन शहराच्या आसपासचें एकही नांव नव्हतें. सबब सन १८७९ मध्यें पूर्व लंडनच्या दरिद्री वस्तींत काम करावयास जे वॉल्शम हाऊ नेमले गेले, त्यांस नांव द्यावें लागलें बेडफर्डचें, आणि बेडफर्ड तर दुसऱ्याच धर्मप्रांतांत! हे बिशप घोड्याच्या गाडीऐवजीं लोकांच्या ऑम्निबसनें हिंडत. गल्लींतल्या पोरांस त्यांचें गांव कोणतें ह्याची पर्वा नव्हती. पुढें सन १८८८ च्या कायद्यानें नवीं गांवें जोडण्याची सोय झाली, आणि सन १८९५ मध्यें पूर्व लंडनला स्टेप्नी हें स्वतःचें नांव मिळालें. त्याच स्टेप्नीचे एक सफ्रॅगन, कॉस्मो गॉर्डन लँग, सन १९२८ मध्यें कँटरबरीचे आर्चबिशप झाले. डोव्हरच्या सफ्रॅगनांपैकींही तिघे पुढें वेकफील्ड, न्यूकॅसल व गिल्डफर्ड येथें स्वतःच्या आसनावर बसले. पद म्हणजे बढतीची पायरी, अशी समजूत ह्याच काळांत पक्की झाली. पॅरी ह्यांची वीस वर्षें तींत बसत नाहींत.

आपल्या महाराष्ट्रासही ह्या प्रथेचा एक पदर लागला आहे. मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत सन १८३७ मध्यें स्थापन झाला. हेन्रीचा कायदा इंग्लंडापुरता. त्यामुळें येथें गांवाचें नांव देऊन सफ्रॅगन करतां येत नसे, नुसते ‘साहाय्यक बिशप’ म्हणावें लागे. सन १९२५ मध्यें फिलिप लॉइड हे असे मुंबईचे साहाय्यक बिशप म्हणून नाशिकास काम पाहूं लागले, आणि सन १९२९ मध्यें नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हां तेच त्याचे पहिले बिशप झाले. सन १९४४ मध्यें ते इंग्लंडांत सेंट ऑल्बन्स येथें गेले. मुतालिकीचें वतन झालें, असें आपल्याकडील जुनें माणूस म्हणालें असतें.

विसाव्या शतकांतील डोव्हरचा वृत्तांत थोडक्यांत देतों. दुसऱ्या महायुद्धांत फ्रान्सच्या किनाऱ्यावरील जर्मन तोफांचे गोळे डोव्हर गांवावर पडत. सन १९४२ च्या १ जून रोजीं कँटरबरीवर बाँबवर्षाव होऊन शहराचा मोठा भाग जळाला, कॅथीड्रल मात्र वांचलें. ह्या सर्व काळांत आणि पुढें सन १९५६ पर्यंत आल्फ्रेड रोज हे बिशप होते. सन १९८२ च्या २९ मे रोजीं परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल कँटरबरीस आले आणि संत टॉमस बेकेट ह्यांचा जेथें वध झाला त्या जागीं आर्चबिशप रन्सी ह्यांच्यासह गुडघे टेकून प्रार्थनेस बसले. ज्या शहरांत दोन्ही बाजूंनीं इतकें रक्त सांडलें, तेथें तें दृश्य पाहून अनेकांचे डोळे भरून आले. आम्हांस त्या वेळीं पडद्याआडचीही एक गोष्ट आठवते: आर्चबिशपांचा पसारा सर्व जगभर वाढत चालला होता, आणि त्याच वर्षांत कँटरबरीच्या धर्मप्रांताचा नित्याचा कारभार अधिकाधिक डोव्हरच्या बिशपांकडे येत गेला. सन १९८५ मध्यें क्रॉयडन भाग सदर्क धर्मप्रांतास जोडला गेला, आणि उरलेला केंटचा मुलूख बहुतांशीं डोव्हरच्याच नजरेखालीं राहिला. पुढें त्यांस ‘कँटरबरींतील बिशप’ असेंही म्हणूं लागले. ‘कँटरबरीचे’ नव्हे, ‘कँटरबरींतील’. एका प्रत्ययांत चारशें वर्षांचा कायदा सामावला आहे. अँग्लिकन बिशपांच्या सभागृहांत इतर सफ्रॅगनांस निवडून यावें लागतें, डोव्हरच्या बिशपांस धर्मप्रांताधिपतींप्रमाणें पदसिद्ध जागा असते. पार्लमेंटच्या उमरावसभेंत मात्र सफ्रॅगनांस जागा नाहीं.

अँग्लिकन मंडळीनें स्त्रियांस बिशपपद देण्याचें ठरविल्यावर सन २०१५ मध्यें जी पहिली नेमणूक झाली ती लिबी लेन ह्यांची, स्टॉकपोर्टच्या सफ्रॅगनपदावर. आपल्या ख्रिस्तसभेचें मत ह्या बाबतींत निराळें आहे, हें वाचकांस सांगणें नलगे. सन २०१९ च्या नोव्हेंबरांत डोव्हरच्या पदावर रोज हडसन-विल्किन आल्या. त्यांचा जन्म जमैका बेटांत माँटेगो बे येथें सन १९६१ चा. पार्लमेंटच्या लोकसभेच्या सभापतींच्या त्या अनेक वर्षें धर्मोपदेशक होत्या. इंग्लंडच्या मंडळींत बिशप झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णी स्त्री. ज्या मठवासी पुरुषांच्या हातीं हेन्रीनें ही सनद प्रथम दिली, त्यांच्या स्वप्नांतही असा उत्तराधिकारी आला नसता.

सन २०२५ च्या ६ जानेवारीस आर्चबिशप जस्टिन वेल्बी पदावरून उतरले आणि कँटरबरीचें आसन कांहीं काळ रिकामें राहिलें. देशभरच्या कामांची वांटणी करावी लागली, यॉर्कच्या आर्चबिशपांकडे पुष्कळ जबाबदाऱ्या गेल्या. पूर्व केंटमधील धर्मग्रामांत मात्र कारभाराचे हात बदलले नाहींत. ते डोव्हरचेच राहिले.